सोबतीला म्हणून

२१ फेब्रुवारी २०१७

सावनीचा निकाल लागला. सीएमए इंटर, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटची मधली परीक्षा, पहिला ग्रुप, तिसऱ्यांदा नापास. चार विषयांपैकी एकात तरली, तीनांत गटांगळ्या. सरलाने निकालाच्या आधीच साखरभात करून ठेवला होता. तो कुणी खाल्ला नाही, म्हणून संध्याकाळी शेजारच्या मिश्राजींकडे पाठवला. त्यांना वाटलं पोरगी पास झाली. त्यांनी गेटवर येऊन तोंड भरून आशीर्वाद दिले. आता ते निस्तरायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे.

पोरगी दार लावून बसली आहे. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर चक्र फिरतंय. एअरफोर्समध्ये मी आयुष्यभर इक्विपमेंट स्टोअर सांभाळलं, ज्युनियर वॉरंट ऑफिसर होऊन रिटायर झालो. माझ्या हाताखालच्या किती पोरांना मी प्रमोशनच्या परीक्षेतून बाहेर काढलं. मग घरचीच का अडावी? रोगाचं मूळ मला कळलं आहे. ती एकटी अभ्यास करते. एकट्याने कवायत होत नाही.

जूनची परीक्षा द्यायची नाही, चांगली तयारी करून एकदम डिसेंबरला बसायचं, हे मी दाराबाहेरूनच सांगितलं. आतून "ठीक है पप्पा" असं आलं. जोधपूर, तेजपूर, लखनौ अशी वाढलेली पोर. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत.

२ मार्च

सकाळचा रोल कॉल सुरू केला. चहा झाला की तिने समोर बसायचं, मी पुस्तक उघडून प्रश्न विचारायचे. अडचण अशी की तिचं उत्तर बरोबर की चूक ते मला कळत नाही. आज तिने एक उत्तर फाडफाड दिलं, मी शाबासकी दिली, आणि मग तिने शांतपणे सांगितलं की ते मुद्दाम चुकीचं दिलं होतं. वस्ताद आहे. सरला पदर तोंडाला लावून हसत होती.

म्हणजे आधी मला वाचणं भाग आहे. तिची जुनी पुस्तकं डब्यासोबत कामावर न्यायची असं ठरवलं.

२६ मार्च

रिटायर झाल्यापासून लखनौबाहेर बख्शी का तालाबला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. सध्या बटाटा भरणं चालू आहे, ट्रॅक्टरची रांग पार सडकेपर्यंत. दरवर्षी मालकाची एकच बोंब असते: पोतं आत जाताना जेवढं भरतं तेवढं बाहेर येताना का भरत नाही? मी दरवर्षी मान खाली घालून ऐकतो, जसं काही बटाटे मीच भाजून खाल्ले.

आज जेवणाच्या सुट्टीत कॉस्टिंगच्या पुस्तकात ‘नॉर्मल लॉस’ वाचलं आणि घास हातातच राहिला. जे नुकसान त्या कामाच्या स्वभावातच असतं ते नॉर्मल. बटाटा सुकणार, वजन घटणार, कुणाचा दोष नाही, त्याचा भार उरलेल्या बटाट्यांवर टाकायचा. पण मशीन बंद पडून माल सडला तर तो ॲबनॉर्मल लॉस, त्याचा हिशेब वेगळा मांडायचा आणि कुणाला तरी जाब विचारायचा. किती साधी गोष्ट, पण एवढी वर्षं स्टोअरमध्ये काढून मला कुणी सांगितली नाही. बी.कॉम. मी नोकरीत असतानाच पत्रद्वारा केलं होतं, पण ते गाइड घोकून. घोकलं आणि ओकलं.

दुपारी मालकाला हे समजावून सांगितलं. त्याने मला दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि चहा मागवला. घरी येऊन सावनीला सांगितलं. ती म्हणाली, "हाँ पप्पा, वो तो बेसिक है." असेल बाबा. मी आज खूप दिवसांनी खूष आहे.

१८ एप्रिल

करारांचा कायदा म्हणजे काय गंमत आहे! त्यात सगळी उदाहरणं अ आणि ब यांची. अ घोडा विकतो, ब घेतो, घोडा आधीच मेलेला असतो. अ पत्र टाकतो, ते हरवतं, तरी करार पक्का. हे दोघं आयुष्यभर एकमेकांना फसवत असतात, तरी उद्या पुन्हा व्यवहार करायला हजर. सकाळी वाचताना मी एवढ्या मोठ्याने हसलो की सरला पोळी तव्यावर टाकून बघायला आली.

आज ‘अनड्यू इन्फ्लुएन्स’ केलं. एकाचा दुसऱ्याच्या मनावर ताबा असेल आणि त्या ताब्याचा फायदा घेऊन त्याने करार करवून घेतला, तर तो करार मोडता येतो. सावनीला समजावून सांगितलं. जोधपूरच्या आमच्या वॉरंट ऑफिसरचं उदाहरण दिलं, त्याने त्याची खटारा स्कूटर मला घ्यायला लावली होती. नाही म्हणायची माझी टाप नव्हती. सावनी म्हणाली, "और पापा-बेटी?" मी म्हटलं, तेही पुस्तकात आहेच, पालक आणि मूल, गुरू आणि शिष्य, डॉक्टर आणि रोगी, सगळं पाठ हवं. मग आम्ही पुढच्या कलमावर गेलो.

७ मे

माझ्या खोलीत कूलरचा आवाज फार होतो, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. म्हणून माझी खुर्ची सावनीच्या खोलीत हलवली. टेबल मोठं आहे, दोघांना पुरतं. तिची एक कुंडी आणि रंगांचे डबे खाली ठेवले. ती म्हणाली, "पप्पा, ये मेरा रूम है." मी म्हटलं, भाडं लावतेस का? ती हसली नाही. उन्हाने डोकं तापलं असेल.

दोघं समोरासमोर बसून अभ्यास करतो. काय सुंदर दिसतं ते. सरलाला म्हटलं एक फोटो काढ. तिला कामं होती.

९ जुलै

आज घरात जाहीर केलं: मीही बसतोय. रीतसर नाव नोंदवलं, पहिला ग्रुप, डिसेंबर. पदवी आहे, वयाची अट नाही, मग अडलंय कुठे? जेवताना सांगितलं. वाटलं होतं सावनी उडी मारेल. ती भात कालवता कालवता म्हणाली, "अच्छा है."

मी म्हटलं, तुझ्या सोबतीला म्हणून. एकटीने लढण्यापेक्षा दोघं बरे.

सरला मागं आवरताना म्हणाली, "तिला श्वास घेऊ द्या की जरा." मी म्हटलं, मी काय तिचं नाक धरलंय? पोरीच्या सोबतीला बाप स्वतः परीक्षेला बसतो, असे किती बाप दाखवशील? त्यावर ती काही बोलली नाही. बायकोने उत्तर दिलं नाही म्हणजे आपण जिंकलो असं समजायचं नसतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं होतं. पण आज मुद्दा माझाच बरोबर होता.

२० ऑगस्ट

रविवारच्या क्लासला मीही जाऊ लागलो. सावनीचीच बॅच. पहिल्या दिवशी पोरं उभी राहिली, त्यांना वाटलं नवे सर आले. आता सगळी ‘अंकल’ म्हणतात. क्लास सुटला की माझ्याभोवती घोळका असतो, मी त्यांना बटाट्यावरून नॉर्मल लॉस शिकवला तो इतका गाजला की दुसऱ्या बॅचची पोरंही ऐकायला आली. चहावाल्याच्या टपरीवर आमचा दुसरा क्लास भरतो. पोरांचा जीव लागलाय माझ्यावर.

आज सरांनी भर वर्गात सांगितलं, "अंकल से कुछ सीखो, सावनी." मला संकोच वाटला. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. सावनी पूर्वी दुसऱ्या बाकावर बसायची, हल्ली पार मागे बसते. तिची मैत्रीण हेमा क्लास सोडून गेली, त्यामुळे तिला करमत नसावं. कुणीतरी विचारलं ही कोण, तर एक पोरगा म्हणाला, अंकलची मुलगी. येताना स्कूटीवर मी मागे बसून तिला हे सांगितलं आणि हसलो. हेल्मेटमुळे तिला ऐकू गेलं नसावं.

१ ऑक्टोबर

आज एक गोष्ट खरी खरी लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

मी सगळ्यांना सांगतो की सावनीसाठी बसतोय. मालकाला, मिश्राजींना, गावी विट्याला थोरल्या भावाला, सगळ्यांना हेच सांगितलं. आणि सगळे म्हणतात, धन्य आहे. पण आज सकाळी एक ताळेबंद जुळता जुळत नव्हता, मी तो तीनदा मोडून परत मांडला आणि शेवटी दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वेळी सावनी खोलीत नव्हती. ती कुठे आहे हेही माझ्या मनात आलं नाही. ती उद्या म्हणाली की मला नको ही परीक्षा, तरी मी बसणार. हे मला आज कळलं.

आयुष्यभर मी परीक्षा दिल्या त्या पगारासाठी, बाहीवरच्या पट्टीसाठी, क्वार्टर मिळावं म्हणून. पहिल्यांदा असं झालंय की पुस्तक मिटताना हुरहुर लागते. या वयात हे सुख मिळालं, ते लपवावं लागतंय याची लाज वाटते. घरात पोरगी नापास होऊन बसलेली, आणि बाप तिच्याच पुस्तकांत रमलाय. म्हणून सोबतीचं निमित्त पुढे करतो. पण निमित्त असलं तरी सोबत होतेच आहे की. त्यात तिचं नुकसान काय?

५ नोव्हेंबर

क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. मला चौसष्ट, सावनीला एकतीस. सरांनी गुण मोठ्याने वाचले. घरी आल्यावर ती हसायला लागली, एवढी हसली की सरला घाबरली. मग हसू थांबल्यावर मला म्हणाली, "पप्पा, मैं इस बार ना बैठूँ तो?"

मी तिला तेजपूरची गोष्ट सांगितली. आमच्यातला एक कॉर्पोरल ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी कच खात होता, मी त्याला सायकलवर घालून परीक्षेच्या हॉलपर्यंत नेलं आणि तो पास झाला. आज त्याचा बंगला आहे. पळायचं नसतं बेटा, म्हटलं. शिवाय दोघांचे फॉर्म मीच भरलेत, आता माघार नाही. तिने ऐकून घेतलं. मुलगी गुणी आहे, उलट उत्तर नाही.

२८ नोव्हेंबर

थंडी सुरू झाली. सकाळी कामावर जाताना सीतापूर रोडला धुक्यातून पुढची गाडी दिसत नाही. मालकाकडून पंधरा दिवसांची रजा मंजूर करून घेतली.

सावनी आता मार्गावर आली आहे. वाद नाही, चिडचिड नाही. जे सांगेन ते करते. सकाळी उठवावं लागत नाही, मी पाहतो तर जागीच असते. मी म्हटलं हे प्रकरण पुन्हा वाच, वाचते. लिही म्हटलं, लिहिते. सरलाची मात्र कुरकुर चालू आहे की पोरगी जेवत नाही, केस गळतायत, फोनवर कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं परीक्षेच्या आधी जवानाची भूक जातेच. सरला म्हणाली, "ती जवान न्हवं, तुमची लेक हाय." रागावली की तिच्या तोंडी विट्याची बोली येते. मग मी विषय वाढवला नाही.

११ डिसेंबर

पहिला पेपर झाला. अकाउंट्स. माझा उत्तम गेला, ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला. केंद्र एका शाळेत आहे, लहान पोरांची बाकं, गुडघे आत मावत नाहीत. योगायोगाने सावनीचा नंबर त्याच खोलीत आला आहे, माझ्या तीन बाकं पुढे. तिची पाठ दिसते. मधूनमधून बघत होतो, लिहीत होती. येताना स्कूटीवर मी तिला सगळा पेपर परत सोडवून दाखवला, म्हणजे तिची उत्तरं ताडून बघता येतील. ती गाडी चालवत होती, त्यामुळे मीच बोललो.

१३ डिसेंबर

सावनी घरी आली आहे. ती तिच्या खोलीत आहे आणि सरला तिच्यापाशी. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

आज कायद्याचा पेपर होता. प्रश्नपत्रिका हातात आली आणि मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. अनड्यू इन्फ्लुएन्सवर मोठा प्रश्न. मी सरळ त्यालाच हात घातला. उदाहरणं सुचत होती, कलमं ओळीने येत होती, हाताला विश्रांती नव्हती. पहिला अर्धा तास बाहेर पडायला परवानगी नसते. तो संपल्याची घंटा झाली आणि पुढच्या रांगेतून सावनी उठली. मला वाटलं पाणी प्यायला. पण तिने उत्तरपत्रिका पर्यवेक्षक बाईंच्या टेबलावर ठेवली, सही केली, जॅकेट घातलं. मग ती दोन रांगांच्या मधून दाराकडे निघाली. दार माझ्या मागे होतं. माझ्या बाकापाशी आली तेव्हा तिची पावलं थांबली.

मी वर पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान खाली घातली.

मी एका वाक्याच्या मध्ये होतो. मनाशी म्हटलं, एवढं वाक्य पुरं करतो आणि उठतो. ते पुरं केलं. मग पुढचं सुचलं होतं, ते सुटून जाईल म्हणून तेही लिहिलं. मग तो प्रश्न संपला. मग वाटलं, ती बाहेर पायरीवर बसली असेल, थंडी आहे पण जॅकेट आहे. मग दुसरा प्रश्न घेतला. मी शेवटच्या घंटेपर्यंत लिहिलं. सगळे प्रश्न सोडवले. अधूनमधून मागे दाराकडे वळून बघायचो, आणि परत लिहायला लागायचो. आणि खोटं का लिहू, मधली बरीच मिनिटं मला ती आठवलीही नाही.

बाहेर आलो तर पायरीवर कुणी नाही. स्कूटीही नाही. फोन बंद. टेंपोने घरी आलो, घरी नाही. सरलाने विचारलं, सावनी कुठाय? मी म्हटलं, सुटल्यावर गर्दीत चुकामूक झाली. खोटं बोललो, विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.

मग हेमाच्या घरी गेलो. नाही. क्लासवर गेलो. पोरं भोवती जमली, "अंकल, पेपर कैसा गया?" एकाने चौथा प्रश्न काढला आणि त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं. त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली ती इथे लिहिता येत नाही. गोमतीच्या पुलापर्यंत रिक्षा करून गेलो. का गेलो ते लिहीत नाही. कठड्याशी भुईमुगाच्या शेंगावाला उभा होता, त्याला विचारलं, निळ्या जॅकेटची मुलगी बघितली का? तो म्हणाला, "भाईसाहब, यहाँ तो दिन भर सब नीली ही जैकेट में घूम रहे हैं."

तेवढ्यात सरलाचा फोन आला. सावनी घरी आली होती. दिवेलागणीला, आपल्या आपण. बख्शी का तालाबला गेली होती, एअरफोर्सच्या आमच्या जुन्या क्वार्टर्सच्या बाजूला. आत सोडत नाहीत, म्हणून बाहेर सडकेवरच्या ढाब्यावर चहा पीत बसली होती. एवढंच. मी पुलावरच फूटपाथवर बसलो आणि रडलो.

घरी आलो तर सरला दारात उभी होती. सावनीने तिला सांगितलं होतं की अर्ध्या तासानेच बाहेर पडले. "तुम्ही बघितलं होतं तिला उठताना?" सरलाने विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग तुम्ही तिथं कोण म्हणून बसला होता?"

सावनीच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो, पण दार वाजवलं नाही.

१४ डिसेंबर

आज पेपर नाही. सरला बोलत नाही, ताट वाढून निघून जाते. मी गच्चीवर उन्हात बसलो होतो, टॅक्सचं पुस्तक मांडीवर, मिटलेलं. दुपारी सावनी दोन कप चहा घेऊन वर आली. स्वतःहून आली म्हणून मी आधीच घाबरलो.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "कल आपने मुझे देखा था ना?"

मी हो म्हटलं. मी रात्रभर जुळवलेलं माफीचं वाक्य काढलं, पण तिने हात वर करून थांबवलं. ती म्हणाली की ती पहिल्या पेपरलाच उठणार होती. एकाच भीतीने बसून राहिली. काल तीच भीती होती. माझ्या बाकापाशी ती थांबली ती मला बघायला नाही, मी काय करतो ते बघायला.

"आप उठ जाते," ती म्हणाली, "तो मुझे वापस बैठना पड़ता."

हे मला उमगायला वेळ लागला. मी उठलो असतो तर तिला बाहेर गाठलं असतं, तेजपूरच्या कॉर्पोरलची गोष्ट सांगितली असती, आणि डिसेंबर नाही तर जून म्हणून परत टेबलाशी बसवलं असतं. खरं आहे. असंच केलं असतं. क्षणभर मला एवढं हलकं वाटलं की मी विचारून बसलो, म्हणजे तू रागावली नाहीस?

ती म्हणाली, "गुस्सा है. बहुत है. पर उस बात का नहीं."

मग कशाचा, मी विचारलं. खाली मिश्राजींच्या अंगणात कुणीतरी गादी झोडपत होतं. मग ती म्हणाली, "जो मुझे नहीं आता था, पप्पा, वो भी मेरा ही था. मैं तीन बार फेल हुई, मैं. आपने वो भी ले लिया. अब क्लास में मैं फेल भी नहीं हूँ, मैं अंकल की बेटी हूँ."

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, उद्यापासून जात नाही. राहिलेले दोन पेपर सोडतो. झालं, संपलं. मी ते मनापासून म्हटलं, आणि म्हणताना जिवावर आलं, कारण राहिलेल्या दोनांत कॉस्टिंगचा पेपर होता.

"बिल्कुल नहीं," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "मेरे लिए बैठे, अब मेरे लिए छोड़ोगे? फिर सब लोग यही बोलेंगे ना, सावनी के कारण छोड़ दिया. आपको अच्छा लगता है तो आप अपने लिए दो. मेरा नाम मत लो."

पुढे काय करणार आहेस, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तिला ते दिसलं असावं. म्हणाली, ते मला माहीत नाही, आणि काही दिवस तुम्ही विचारू नका. कप घेऊन ती खाली गेली. मी पुस्तक उघडलं नाही. ऊन उतरल्यावर उठलो आणि तिच्या खोलीतली माझी खुर्ची परत माझ्या खोलीत आणली. कुंडी टेबलावर ठेवायला गेलो, तर सरलाने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि स्वतः ठेवली.

१५ डिसेंबर

सकाळी सरलाने पोहे केले. ती बोलली नाही, पण माझ्या बशीत लिंबू ठेवलं होतं.

मी रिक्षाने निघणार होतो. सावनी किल्ली घेऊन बाहेर आली, म्हणाली सोडते. धुकं होतं, ती हळू चालवत होती. नेहमीप्रमाणे मला मागे बसून उजळणी सुरू करायची सवय, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शाळेच्या फाटकाशी आया आपापल्या पोरांना दही-साखर भरवत होत्या, बाप शेवटच्या सूचना देत होते. मी उतरलो. वाटलं, ही काहीतरी म्हणेल. निदान ‘बेस्ट ऑफ लक’. तिने हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाली, "पप्पा, आज घर आके पेपर मत सुनाना. मैं पूछूँ तो ही बताना."

मी बरं म्हटलं. ती वळून गेली, मी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

आत माझ्या तीन बाकं पुढे तिची जागा रिकामी होती. तिचा नंबर बाकावर खडूने लिहिलेला होता. बाईंनी हजेरी घेताना तिथे रेघ मारली. मला वाटलं होतं आज हात चालणार नाही, आणि एका अर्थी तसंच व्हावं अशी माझी इच्छाही होती. पहिला प्रश्न वाचला. एक माणूस वर्षातले काही महिने भारतात, काही महिने बाहेर; त्याला रहिवासी धरायचं की नाही, आणि धरला तर त्याच्या कोणत्या उत्पन्नावर कर. मी पेन उघडलं.

पेपर सुटल्यावर पोरं थांबली होती. त्यांना काम आहे सांगून निघालो, टेंपोने घरी आलो. सरला आणि सावनी पलंगावर एका रजईत बसून टीव्ही बघत होत्या. कसलासा विनोदी कार्यक्रम होता. सावनी हसत होती, पूर्वी हसायची तशी. मी बूट काढले, हातपाय धुतले, त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो. सरलाने शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी शेंगा सोलत बसलो. जाहिरात लागली की मी सावनीकडे बघायचो. मग पुन्हा कार्यक्रम सुरू व्हायचा. जेवताना कोबीची भाजी कशी झाली आहे यावर बोलणं झालं, हेमाच्या लग्नाचं बोलणं झालं. मी सगळ्याला हो म्हटलं.

तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता माझ्या खोलीत येऊन इथे लिहितो: पेपर फार सुंदर गेला.